घरटी एक बाटली

आयुष्यात पहिल्यांदा लिहून मी जे विकलं ते केसांचं तेल होतं, आणि ते ज्यांच्या घरचं होतं त्या माझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. हे आधीच सांगून टाकते. तेल विकताना मामंजी भर उन्हाळ्यातही पागोटं काढत नसत, आणि गिऱ्हाईक जरा चौकस निघालं की ते आणखी खाली ओढत.

मामंजी वैद्य होते. नाडी बरी बघत. पण बरा झालेला माणूस परत येत नाही आणि बरा न झालेला येऊ शकत नाही. तेलाचं गिऱ्हाईक मात्र पुन्हा पुन्हा येतं, हे त्यांनी हेरलं होतं. ओढ्याकाठचा माका आणून कुटायचा, तिळाच्या तेलात कढवायचा, फडक्यातून गाळायचा आणि बाटल्या भरायच्या. बाटल्या नाना तऱ्हेच्या असत. काही औषधाच्या, काही जागीरदारसाहेबांच्या पाहुण्यांनी रिकाम्या केलेल्या. तेल चांगलं होतं, हेही सांगायला हवं, नाही तर माझ्या लिहिण्याला उगाच जास्तीचं श्रेय मिळायचं.

मुलूख निजामाचा, पण आमचं गाव जागिरीतलं. जागीरदारसाहेब हैदराबादेत राहत. त्यांना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांचा धाक फार. गावात कारभार बघायला त्यांचा नायब होता. त्याला सगळ्यांनी पाहिलेलं होतं, तरीही त्याचा धाक होताच, कारण कोठडीची किल्ली त्याच्या कमरेला असे.

माझं माहेर लिंबागणेशचं. वडील गावकीचं दप्तर लिहायचे. ते भावाला शिकवायला बसले की भाऊ झोपायचा आणि मी शिकायची. असं करता करता मला लिहिता-वाचता आलं आणि भावाला दुपारची झोप लागायची सवय जडली. लग्न होऊन निघाले तेव्हा वडिलांनी स्वतःची पितळी दौत माझ्या पेटीत लुगड्यांच्या घडीत ठेवली. "पत्र टाकत जा," एवढंच म्हणाले. आई रडत होती, आत्या रडत होत्या, आणि मला रडू आलं ते त्या दौतीमुळे.

सासूबाईंना ती तिसऱ्या दिवशीच सापडली. सुनेची पेटी उचकणं हा त्या काळी सासूचा हक्क होता आणि आमच्या सासूबाई कुठलाच हक्क वाया जाऊ देत नसत.

"ह्ये काय?"

"दौत."

"कुणाची?"

"माझी."

सासूबाई मटकन खाली बसल्या. बाईनं लेखणी धरली की नवऱ्याचं आयुष्य घटतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. माझ्या हातात सुरी सापडली असती तर त्या कमी घाबरल्या असत्या. त्यांनी दौत कपाटात घालून कुलूप लावलं. वडिलांना पत्र नाही की काही नाही. गावात लिहून देणारा माणूस होता, पण माहेरच्या आठवणीनं डोळे भरतात हे परक्या पुरुषाला कसं सांगायचं आणि त्यानं ते उर्दू वळणाच्या मराठीत कसं लिहायचं?

मला सोडवलं ते जालन्याच्या रद्दीनं.

मामंजी बाटल्या आणि बुचं आणायला जालन्याला गेले होते. बाटल्या फुटू नयेत म्हणून दुकानदारानं त्यांच्याभोवती पुण्या-मुंबईकडच्या जुन्या वर्तमानपत्रांचे कागद गुंडाळून दिले. घरी आल्यावर मामंजींनी बाटल्या बाजूला ठेवल्या आणि कागदच वाचत बसले. शक्तीच्या गोळ्या, रूप उजळवणारे साबण, म्हाताऱ्याला जवान करणारे पाक. सगळ्या जगाचे रोग एका पानावर आणि सगळ्यांची औषधं त्याच पानावर. त्यांचे डोळे चमकले. आपलं तेल खपत नाही याचं कारण सापडलं. तेलाबद्दल कुणी लिहिलेलंच नाही!

पण लिहिणार कोण? मामंजींना लिहिता येत होतं, मात्र त्यांनी काहीही लिहायला घेतलं की त्याचा नुस्खा व्हायचा. व्याह्यांना लग्नाचं बोलावणं लिहितानाही खाली 'सकाळ-संध्याकाळ, मधातून' असं काहीतरी येईल अशी भीती वाटे. आमचे हे शाळेत गेले होते. पण वाचताना ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरून जात. सही मात्र झोकदार करत. राहिले मी.

मामंजींनी सासूबाईंपुढे गोष्ट काढली तेव्हा मी दाराआड होते. बरंच रण माजलं. शेवटी सासूबाईंनी कपाटाची किल्ली आपटली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तेल खपलं तर दौत ऱ्हाईल. न्हाई खपलं तर मी माज्या हातानं उकिरड्यावर टाकीन. आन लिवलं कुणी म्हून इचारलं तर पोरानं लिवलं म्हणायचं."

असा मी जाहिरातीच्या धंद्यात प्रवेश केला. माझं नाव नसायचं आणि दौत जामीन राहायची.

पहिली जाहिरात लिहायला बसले तेव्हा मला वाटलं, लिहिणं म्हणजे सजवणं. मला येत होते तेवढे सगळे जड शब्द मी वापरले. हे तैलशिरोमणे, भृंगराजरससंभवे, कुंतलकांतिवर्धिनी, अशी सुरुवात होती. पुढे तेलाला कृष्णमेघाची उपमा, केसांना नागिणीची, आणि बाटलीला चंद्राची. बाटली हिरवी आणि चपटी होती. मामंजी ऐकून डोलले. मी ते सगळं ह्यांच्याकडून घोकून घेतलं आणि दोघं बापलेक नारायणगडाच्या जत्रेला बाटल्या घेऊन गेले.

तिथं जे झालं ते मामंजींनी परत आल्यावर सांगितलं. ह्यांनी एक बाटली उंच पाटावर ठेवली, शेजारी उभं राहून डोळे मिटले, म्हणजे आठवायला सोपं जातं, आणि खड्या आवाजात सगळं म्हणून दाखवलं. पाचपन्नास माणसं जमली. सगळ्यांनी हात जोडले. एका म्हातारीनं विचारलं, "ही कुठली देवी म्हनायची?"

ह्यांना जमाव बघून घाम फुटला होता. म्हणाले, "तेलाची."

म्हातारीचं समाधान झालं. तिनं बाटलीला हळदीकुंकू वाहिलं. तिचं बघून दुसरीनं वाहिलं. संध्याकाळपर्यंत बाटलीपुढं फुलं, खोबऱ्याचे तुकडे आणि बुक्का साचला आणि एक बाई तिथं नवससुद्धा बोलली. विकली गेली नाही एकही. देवी कोण विकत घेणार? प्रसादाचं खोबरं मात्र आम्ही बरेच दिवस खाल्लं. सासूबाई खोबरं किसताना दर वेळी माझ्याकडे बघत.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले, म्हणजे जालन्याच्या कागदांची नक्कल केली. त्या कागदांचं तत्त्व सोपं होतं: एका औषधानं एकच रोग बरा होतो असं सांगणं म्हणजे औषधाचा अपमान. मग आमच्या तेलानं केस वाढू लागले, गळायचे थांबले, पिकलेले काळे झाले. एवढ्यावर कशाला थांबा? डोळ्यांची आग, डोकेदुखी, झोप न येणं, विसरभोळेपणा, चक्कर, कोंडा, खरूज, चिडचिड आणि वाईट स्वप्नं हेही गेलं. वाईट स्वप्नं मी माझ्या मनानं घातली. कागद भरायला एक ओळ कमी पडत होती.

माणसं जमवून ह्यांनी ते शिरूरच्या बाजारात म्हटलं. या वेळी ह्यांना डोळे उघडे ठेवायला सांगितलं होतं. लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हळूहळू मागं सरकले. ज्या घरात ही बाटली दिसेल त्या घरात एवढे सगळे रोग आहेत, असा त्यांनी सरळ अर्थ काढला. एकीनं घेतली होती, तिला सासूनं अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं. ती बाटली पाटावर ठेवून म्हणाली, "आमच्या घरी लग्नाच्या पोरी हायत बाबा. लोक काय म्हणतील?" एक जण तर ह्यांनाच म्हणाला, "येवढं सगळं बरं हुतंय तर वैद्याचं डोकं कामून बरं झालं न्हाई रं?" मामंजींनी पागोटं भुवयांवर आणलं.

त्या रात्री ताटं उचलताना सासूबाई म्हणाल्या, "आता येक डाव." बाकीचं त्यांना बोलावं लागलं नाही. मला दौत उकिरड्यावर पडलेली डोळ्यांपुढं दिसायला लागली, आणि दौतीमागं वडील. मी आतापर्यंत त्यांना एकच पत्र पाठवलं होतं, तेही तेलाच्या कागदातून उरलेल्या तुकड्यावर.

लिहायचं कसं, हे मला शेवटी कुठल्या कागदानं शिकवलं नाही. सासूबाईंनी शिकवलं. एके सकाळी माझ्या लक्षात आलं की ही बाई बोलताना कधी विशेषण वापरत नाही. पाणी शीतल आहे, आरोग्याला हितकर आहे, असं काही नाही. 'पाणी आण.' आणि पाणी येतं. 'आत्ता आण.' आणि लवकर येतं. 'न्हाई आणलंस तर बघ.' यानंतर काय बघायचं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. मामंजी, आमचे हे, मी, गोठ्यातली म्हैस, सगळे त्या तीन वाक्यांवर चालत होतो. मी आधीचे कागद चुलीत घातले आणि नवं लिहिलं:

'वैद्यांच्या घरचं माक्याचं तेल. घरटी एक बाटली असलीच पाहिजे. आजच घेऊन जा. उद्यावर टाकाल तर पस्तावाल.'

मामंजींना ते फार कोरडं वाटलं. "निदान एक नागीण ऱ्हाऊ दे," म्हणाले. मी राहू दिली नाही. माझा स्वतःवरच एवढा विश्वास बसलेला पाहून त्यांनी नाद सोडला.

या वेळी ह्यांना पाठवायचं नाही, असं ठरलं. गावात दवंडी पिटणारा होता. हलगी वाजवत तो चौकाचौकात उभा राहायचा आणि जागिरीचे हुकूम ऐकवायचा: सारा कधी भरायचा, वेठीला कुणी यायचं, कुणाचं जनावर कोंडवाड्यात आहे. आवाज असा की ओढ्यापलीकडच्या मळ्यात ऐकू जावा. मामंजींनी त्याला अंगणात बोलावलं. मी माजघराच्या दाराआडून एकेक वाक्य सांगितलं, त्यानं ते बाहेरून म्हटलं. एकदा ऐकून त्याला सगळं पाठ झालं. आमच्या ह्यांना नागिणीसाठी आठवडा लागला होता.

"शब्द बदलू नका हं," मी आतून म्हटलं.

"येक बी शबूद हालनार न्हाई, बाई," तो म्हणाला.

त्यानं शब्द पाळला. माझा एकही शब्द त्यानं बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबून हलगी ऐकू आली. आमच्या आळीत तो आलाच नाही. तेल ज्यांचं त्यांनाच काय ऐकवायचं, असा त्याचा हिशेब. मी भांडी घासत होते. हलगी थांबली, काही वेळ गेला आणि ओसरीवर पहिलं गिऱ्हाईक आलं. मग दुसरं. मग माणसांची रांग अंगणाबाहेर गेली. बायका नव्हत्या, सगळे घरातले कर्ते पुरुष. कुणी भाव केला नाही. कुणी बूच काढून वास घेतला नाही. कुणी हसत नव्हतं. बाटली घ्यायची, कपाळाला टेकवायची आणि मुकाट्यानं चालू लागायचं. एका टक्कल पडलेल्या सुतारानं हात जोडून विचारलं, "वैद्यबुवा, मला बी घ्यावी लागंल का?"

"तुमाला तर घ्यायलाच पायजे," मामंजी कळवळून म्हणाले. एक टक्कल दुसऱ्या टकलाशी खोटं बोलत नाही, अशा भावनेनं. सुतारानं उसासा सोडला आणि बाटली घेतली.

दुपारपर्यंत ओसरी मोकळी झाली. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या पोरानं लिवलंय. लेखणीत जादू हाय." पोरगं ओसरीवर बसून ती जादू अंगावर मुरवून घेत होतं. आतापर्यंत ज्याला बाजारात कुणी 'ए' म्हणत होतं त्याला लोक 'कारभारी' म्हणायला लागले. सासूबाईंनी मला वाटीभर जास्तीचं दूध दिलं. आणि मी? मी परड्यात जाऊन एकटीच हसले. लिहिलेल्या चार ओळींनी आख्खं गाव हलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता दौत माझी.

तेवढ्यात परड्याच्या दारातून शेजारच्या काकू आत आल्या. काकू विधवा, सोवळ्या. लाल आलवणाचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. पुरुषांच्या रांगेत त्या येऊ शकत नव्हत्या, म्हणून मागच्या दारानं आल्या. हळूच म्हणाल्या, "मला बी घ्यावी लागंल का गं बाटली?"

"तुम्हांला कशाला, काकू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग सूट हाय म्हणायची," त्यांनी श्वास सोडला. "लई घोर लागला व्हता. घरटी येक म्हणाले, आन माज्या घरात मी येकलीच. घेऊन मी लावू कुठं?"

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. "काकू, सूट कसली? कुणी म्हणालं घ्यायला?"

"अगं, सरकारनं! दवंडी न्हाई का ऐकलीस?" आणि काकूंनी पदराआडून, जशी ऐकली तशी, म्हणून दाखवली: "ऐका हो ऐका! मुलूख बादशाहाचा, हुकूम जागीरदारसाहेबांचा! वैद्यांच्या घरचं माक्याचं तेल! घरटी येक बाटली असलीच पायजे! आजच घेऊन जा! उद्यावर टाकाल तर पस्तावाल हो!"

हलगी वाजली की दवंडीवाल्याच्या तोंडून आधी बादशाह आणि जागीरदार निघायचे. त्याच्या बापाच्या तोंडूनही तेच निघायचं. त्याशिवायची दवंडी ना त्यानं कधी दिली होती, ना गावानं ऐकली होती. माझं काहीच बदललेलं नव्हतं. फक्त वर हुकूम चढला होता. आणि माझी वाक्यं अशी बेतशीर की हुकमाखाली ती चपखल बसली. नागीण ठेवली असती तर वाचलो असतो. नागिणीचा हुकूम कुठलं सरकार काढतं?

मला काकूंपुढं हसू आलं नाही. मी लिहिताना 'घरटी एक' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं त्यांचं घर आलंच नव्हतं. मला लाज वाटली, आणि राग आला तो माझा, गावाचा, त्यांच्या डोक्यावरून फिरणाऱ्या वस्तऱ्याचा, सगळ्यांचाच.

मी लगेच मामंजींना सांगितलं. ते रिकाम्या ओसरीकडे बघत म्हणाले, "लोक काय बी समजतात. खपलं का न्हाई?" लिहिण्याच्या जादूवरून माझा विश्वास उडाला तेव्हा त्यांचा नुकताच बसला होता.

दोन दिवसांनी नायबाचा शिपाई दारात उभा राहिला. जागीरदारसाहेबांच्या नावानं तेलाची पट्टी कुणी बसवली, याचा जाब द्यायला बापलेकांना कचेरीत बोलावलं होतं. दवंडीवाल्यानं आधीच सांगून टाकलं होतं की त्याला वैद्यबुवांनी बोलावलं आणि मजकूर त्यांच्या घरातला. दोघं शिपायामागं गेले. ते कोपऱ्यावरून दिसेनासे होताच सासूबाई आत आल्या, कोनाड्यातली दौत उचलली आणि परड्यात जाऊन उकिरड्यावर भिरकावली. शाई उडून भिंतीवर गेली. बोलायला गेले असते तर रडले असते, आणि त्यांच्यापुढं रडायची माझी तयारी नव्हती.

दिवस कलायच्या आत दोघं परतले. ह्यांचा चेहरा उतरला होता. झालं ते मामंजींनी सांगितलं. नायबानं विचारलं, कुणी लिहिलं? दोन दिवस 'माझ्या लेखणीत जादू' असं मिरवणारे आमचे हे पटकन म्हणाले, "म्या न्हाई साहेब, बायकोनं लिवलं." सगळी कचेरी हसली. नायब तर डोळे पुसत हसला. मग एकदम गंभीर झाला. "शरम वाटत न्हाई? कोठडी चुकवायला बायकोच्या पदराआड लपतोस? बाईमानूस असलं लिवतंय व्हय?" उद्या दुपारच्या आत स्वतः लिहिलेला माफीनामा घेऊन यायचं. नायबाच्या मनाला पटला तर ठीक. नाही तर कोठडी, आणि तेलाची कढई जप्त.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई भिंतीकडे पाहत होत्या.

"लिही की," हे म्हणाले.

"कशानं?" मी म्हटलं.

उकिरड्यावरची दौत कुणाला आठवत नव्हती असं नाही. सासूबाई उठल्या. परड्यात गेल्या. मी दारातून बघत होते. त्या शेणात, राखेत हात घालून दौत शोधत होत्या. सापडली, धुतली, पदरानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली. आत शाईचा थेंब नव्हता.

"काजळी लागते," मी म्हटलं. "दिव्याच्या कोनाड्यातली. आणि बाभळीचा डिंक." मी उठले नाही. मला उठता आलं असतं. मांडी घालून बसून राहिले, आणि जी बाई दौत बघून मटकन खाली बसली होती ती बाई कोनाड्याची काजळी बोटांनी खरवडून वाटीत जमवते आहे, डिंक भिजवून त्यात घोटते आहे, हे मी डोळे भरून पाहिलं. इतकं सुख मला त्या घरात तोवर मिळालं नव्हतं.

मग मी लिहायला घेतलं. या वेळी विकायचं होतं ते तेल नव्हतं. नवरा होता. तेलापेक्षा अवघड माल.

मी आधी गिऱ्हाइकाचा विचार केला. नायबाला काय हवं होतं? आमची माफी? तिचं तो काय लोणचं घालणार? त्याची खरी अडचण वेगळी होती. त्याच्या नाकाखाली कुणीतरी जागीरदाराच्या नावानं हुकूम काढला आणि गावानं पाळला, ही गोष्ट हैदराबादेत पोचली तर त्याची खैर नव्हती. तेव्हा मी लिहिलं की चूक आमचीच. पण या चुकीतून एक गोष्ट साऱ्या मुलखाला दिसली. नायबसाहेबांनी रयतेला अशी काही शिस्त लावली आहे की जागीरदारसाहेबांचं नुसतं नाव कानी पडताच लोकांनी का, कशाला असं न विचारता हुकूम पाळला. असा अंमल दुसऱ्या कुठल्या जागिरीत असेल असं वाटत नाही. पुढे ह्यांच्याबद्दल दोन ओळी: भोळा, कष्टाळू, आईबापांचा आधार, शब्दाला जागणारा.

"वाच," सासूबाई म्हणाल्या.

मी वाचलं. 'आईबापांचा आधार' आल्यावर सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. स्वतः जन्म दिलेला, वाढवलेला, आजच कचेरीत बायकोच्या पदराआड लपलेला मुलगा त्यांच्यासमोर पाय पसरून बसला होता, आणि तरी त्या म्हणाल्या, "येवढा गुणाचा हाय माजा लेक!" माल घरचा असूनही खपला. तेव्हा मला कळलं की आपल्याला लिहिता येतं.

ह्यांनी सकाळभर बसून ते आपल्या अक्षरात उतरवलं. घाम गाळला. खाली झोकदार सही केली. आणि दोघं गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. नायबानं खुलासा म्हणून पुन्हा दवंडी द्यायला लावली, की वैद्याचं तेल घ्यायची सक्ती नाही. लोकांनी आता ते नीट समजून घेतलं: म्हणजे या तेलावर बंदी आली. सक्तीनं घेतलेली बाटली ज्यांनी कधी उघडूनही पाहिली नव्हती त्यांच्याही बायका हळूहळू परड्याच्या दारातून पदराखाली बाटल्या लपवून नेऊ लागल्या. त्या मोसमात मामंजींच्या कढईखालचा जाळ विझला नाही. मी त्यासाठी एक अक्षर लिहिलं नव्हतं. या धंद्याबद्दल माझं जे मत झालं ते तेव्हापासून आहे तसंच आहे.

पण त्या दुपारी हे परत आले ते छाती काढून. नायबानं माफीनामा दोनदा वाचला होता, दुसऱ्यांदा मोठ्यानं, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा. वर हैदराबादेला पाठवतो म्हणाला. आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, एवढं देखणं लिहितोस आणि काल बायकोचं नाव सांगत होतास? अरे, बाईमाणसाला हे साता जन्मात जमायचं नाही. हे आम्हांला सांगताना ह्यांचा आवाज भरून आला होता. त्यांना खरंच वाटायला लागलं होतं. मलाही आनंद होईल अशा अपेक्षेनं ते माझ्याकडे बघत होते.

सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"गप बस, लेका," त्या म्हणाल्या. "काजळी खरवडून माजी बोटं अजून काळी हायत." आणि पिठानं भरलेले दोन्ही हात त्यांनी ह्यांच्यापुढं धरले. पिठाखालून नखांतला काळेपणा दिसत होता.

त्या दिवशीच्या भाकऱ्यांवर करड्या बोटांचे ठसे होते. मामंजींनी आणि ह्यांनी खाली मान घालून त्या खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर सासूबाईंनी दौत आणून माझ्यापुढं ठेवली. वाटीत उरलेली शाई तिच्यात ओतून आणली होती. मी उरलेल्या कागदावर वडिलांना पत्र लिहायला बसले, तर त्याही शेजारी येऊन बसल्या. अक्षरं कशी पडतात ते बघत राहिल्या.

"सासूनं नमस्कार सांगितलाय म्हून लिही," थोड्या वेळानं म्हणाल्या.

मी लिहिलं.

"आन तेल चांगलं हाय. येक बाटली घ्या म्हणावं."

तेही लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, पुढंमागं काही न लावता. पुढच्या बाजाराला वडिलांनी माणूस पाठवून बाटली नेली.